मृत्यूचे दर ठरवणारे शासन

आईबाप कशाने मेले, यावरून मागे राहिलेल्या लेकरांच्या भाकरीचा निर्णय व्हावा, असा अजब न्याय चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत राजरोस चालू आहे. मजूर स्त्री वाघाने मारली, तर वारसांना २५ लाख रुपये देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ साली घेतला. तीच स्त्री सर्पदंशाने मेली, तर वनखात्याच्या यादीत साप बसत नाही. घरचा सातबारा असेल, तर शेतकरी अपघात योजनेतून २ लाख. भूमिहीनाला तेही दार बंद. आणि तिला हिवतापाने नेले, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, तेही एकदाच! त्यासाठी नाव दारिद्र्यरेषेखाली हवे, मृत व्यक्ती घरची मुख्य कमावती हवी आणि तिचे वय १८ ते ५९ च्या आत हवे. हिवतापाने वर्षानुवर्षे ग्रासलेल्या गडचिरोलीत हाच दर सर्वांत स्वस्त असावा, हा योगायोग नव्हे.

२५ लाख जास्त आहेत, असे कोणी शहाण्याने म्हणू नये. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्या. उन्हाळ्यात दुसरी मजुरी नसते, म्हणून माणसे जीव मुठीत धरून जंगलात शिरतात. वाघाच्या बळींसाठी गावे रस्त्यावर आली, म्हणून रक्कम वाढली. हिवतापाने मेलेल्यांसाठी कोणी रस्ता अडवला नाही. शासनाला गरज दिसत नाही, गर्दी तेवढी दिसते.

पुढचा छळ कागदांचा. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, पण कायद्याची मुदत काही पुरासाठी थांबत नाही. निराधार अनुदानाची तऱ्हा तर याहून निराळी. महिना १५०० रुपयांच्या या अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता. म्हणजे विधवेने वर्षात ७१ दिवस काम केले की ती कागदावर निराधार उरत नाही!

खोटे वारस येतील म्हणून पडताळणी हवी, असे अधिकारी सांगतात. पडताळणी जरूर व्हावी. पण ती करायची कोणी? मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, जमिनीची तलाठ्याकडे, शिधापत्रिकेची तहसिलीत. सारी दप्तरे शासनाचीच. तरीही एका टेबलाचा कागद दुसऱ्या टेबलाला नेऊन देण्याची वेठबिगार आईबापाविना पोरक्या झालेल्या पोराने करायची!

कमावत्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारे साहाय्य ही सामाजिक सुरक्षेची एक मूलभूत शाखा आहे, असे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या करारात मान्य केले. भारताने तो करार अद्याप स्वीकारलेला नाही. आपल्याकडे सरकारी नोकराच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन हक्काने मिळते. ते योग्यच आहे. मात्र तेंदू, मोहा आणि बांबू यांवर राज्याच्या तिजोरीत भर घालणाऱ्याच्या कुटुंबापुढे 'सानुग्रह' हा शब्द टाकला जातो. अनुग्रह राजा करतो; लोकशाहीत हक्क असतो.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. मृत्यूचे कारण आणि सातबारा न पाहता प्रत्येक कष्टकरी कुटुंबाला वारस-साहाय्याचा एकच हक्क मिळावा. मृत्यूची नोंद हाच अर्ज समजला जावा आणि वारसांची खात्री ग्रामसभेने करावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने दाव्यांची छाननी ग्रामसभेवर सोपवली आहे. जी सभा जंगलाचा हक्क तपासू शकते, तिला गावातली पोरकी पोरे ओळखता येणार नाहीत काय?

तोवर कार्यकर्त्यांनी गावोगावच्या मृत्यूंची यादी करावी, एकेक प्रकरण तहसिलीत न्यावे आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. आणि हे अर्ज सुटेसुटे न नेता मोर्च्याने न्यावेत. शासनाला गर्दीच दिसत असेल, तर ती दाखवलीच पाहिजे.