नॅन्सी ड्रू कोणाची?

नॅन्सी ड्रू या किशोरवयीन गुप्तहेर मुलीच्या पुस्तकांवर १९३० पासून लेखिका म्हणून कॅरोलिन कीन हे नाव छापले जाते. अशी कोणी बाई अस्तित्वात नव्हती. सुरुवातीच्या तीस पुस्तकांपैकी तेवीस पुस्तके अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या मिल्ड्रेड बेन्सन यांनी लिहिली. तरीही त्यांना नॅन्सीची लेखिका म्हणावे की नाही, याबद्दल दोन टोकाची मते आहेत. त्या केवळ भाडोत्री लेखणी होत्या, हे एक. नॅन्सी सर्वस्वी त्यांची आणि धूर्त मालकांनी ती हिरावून घेतली, हे दुसरे. दोन्ही मते पुराव्यापुढे टिकत नाहीत. पहिले तर मुळीच नाही.

पहिल्या मताच्या बाजूने जे बोलता येते ते आधी मांडले पाहिजे. एडवर्ड स्ट्रेटमायर हे बालपुस्तकांच्या व्यवसायातले मोठे नाव. ते स्वतः मालिका कल्पायचे, पात्रांची नावे आणि कथानकाचा आराखडा ठरवायचे आणि तो एखाद्या लेखकाकडे पाठवायचे. लेखक त्यातून कादंबरी उभी करी, ठरलेली रक्कम घेई आणि सर्व हक्क सोडल्याच्या कागदावर सही करी. हार्डी बॉइज ही मालिकाही याच पद्धतीने निघाली. नॅन्सीच्या पहिल्या पुस्तकांसाठी बेन्सन यांना प्रत्येकी १२५ डॉलर मिळाले. म्हणजे कल्पना स्ट्रेटमायर यांची, पैसा त्यांचा, हक्कही त्यांचे. कायद्याच्या नजरेने पाहिले तर प्रश्न इथेच मिटतो.

वाङ्मयाच्या नजरेने मात्र तो इथे सुरू होतो. आराखडा घटना पुरवतो, घटनेत सापडलेले माणूस कसे वागेल हे पुरवत नाही. ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ या पहिल्या पुस्तकात चोर नॅन्सीला कपाटात कोंडतात. ती आधी घाबरते, दारावर मुठी आपटते, दमते. मग शांत होऊन विचार करते आणि कपाटातल्या कपडे टांगायच्या दांड्याची पहार करून दार उचकटायला लागते. भीती खरी आणि तिच्यातून निघालेली अक्कलही खरी, हा नॅन्सीचा स्वभाव. मुलींच्या तोवरच्या अनेक कथांत संकट आले की सोडवायला कोणी तरी पुरुष धावून येई. नॅन्सी स्वतःची निळी मोटार स्वतः हाकते आणि वडिलांशी, ते नामांकित वकील असूनही, बरोबरीने बोलते.

हा स्वभाव कुठून आला, याचे उत्तर लेखिकेच्या चरित्रात सापडते. मिल्ड्रेड ऑगस्टीन (हे बेन्सन यांचे माहेरचे नाव) यांचा जन्म १० जुलै १९०५ रोजी लाडोरा या गावी एका डॉक्टरांच्या घरी झाला. १९१९ मध्ये, जेमतेम तेरा-चौदाव्या वर्षी, त्यांची गोष्ट ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात छापून आली. महाविद्यालयात त्या पोहण्यात तरबेज होत्या, आणि १९२७ मध्ये आयोवा विद्यापीठातून वृत्तपत्रविद्येची पदव्युत्तर पदवी घेणारी पहिली व्यक्ती त्याच ठरल्या. स्ट्रेटमायर यांच्यासाठी त्यांनी आधी ‘रूथ फील्डिंग’ मालिका लिहिली, मग नॅन्सी. त्यांच्या सांगण्यानुसार नॅन्सीचे पहिले हस्तलिखित वाचून स्ट्रेटमायर नाराज झाले होते. मुलगी त्यांना जरा जास्तच फटकळ वाटली. हे बेन्सन यांचेच सांगणे असल्याने त्यावर सगळा भार टाकता येत नाही. पण ते खरे असेल, तर जनकालाच न रुचलेली मुलगी पूर्णपणे त्याची कशी म्हणायची?

स्ट्रेटमायर यांची कन्या हॅरिएट ॲडम्स यांचा दावा याहून दुबळा आहे. पुढे अनेक वर्षे त्या मुलाखतींतून नॅन्सीची सगळी पुस्तके आपणच लिहिली असे सांगत राहिल्या. पहिली तीन पुस्तके २८ एप्रिल १९३० रोजी बाजारात आली आणि १० मे रोजी स्ट्रेटमायर वारले. हॅरिएट आणि त्यांच्या बहिणीने धंदा हाती घेतला तो त्यानंतर. जे पुस्तक छापून झाले त्याचे लेखन नंतर व्यवसायात आलेल्या व्यक्तीने केले, हे गणित जुळत नाही. १९८० मध्ये प्रकाशनहक्कांवरून न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला उभा राहिला. वाद लेखकाचा नव्हता, प्रकाशकांचा होता. पण बेन्सन यांची साक्ष झाली, जुनी कागदपत्रे पुढे आली आणि पन्नास वर्षांचे गुपित उघडे पडले.

आता दुसरे टोक. १९३० नंतर आराखडे आणि संपादन दोन्ही बहिणींकडून, मुख्यतः हॅरिएटकडून, येत राहिले. मालिका टिकवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मंदीत मानधन ७५ डॉलरवर आले तेव्हा बेन्सन यांनी काम नाकारले आणि आठ ते दहा क्रमांकाची पुस्तके वॉल्टर कॅरिग यांनी लिहिली. व्यवहार जाणून नकार देणाऱ्या या बाईंना बिचारी ठरवणे हाही एक अन्यायच. शिवाय श्रेय मागायचे तर दोषही पदरात घ्यावे लागतात. जुन्या पुस्तकांत कृष्णवर्णीयांचे चित्रण उथळ आणि अपमानकारक आहे. १९५९ पासून हॅरिएट यांनी जुनी पुस्तके नव्याने लिहवून घेतली, तेव्हा ते भाग निघाले; पण पंचवीस प्रकरणांची वीस झाली आणि नॅन्सीचा तोराही मवाळ झाला. १९९१ मध्ये पहिल्या पुस्तकांच्या मूळ आवृत्त्या पुन्हा छापल्या गेल्यामुळे हा फरक कोणालाही पडताळता येतो.

बेन्सन यांची स्वतःची आवडती नायिका नॅन्सी नव्हतीच. ती होती पेनी पार्कर, वृत्तपत्राच्या संपादकाची बातमीच्या मागे धावणारी मुलगी. १९३९ ते १९४७ या काळात ही सतरा पुस्तके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली. कोणाचा आराखडा नसताना त्यांच्या लेखणीतून जी मुलगी उतरली ती नॅन्सीसारखीच धीट आणि आगाऊ आहे. स्वभाव कोणी दिला या वादात याहून बळकट पुरावा नाही.

एकूण १३० हून अधिक पुस्तके लिहून १९५९ नंतर त्यांनी मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणे थांबवले. १९४४ पासून त्या टोलेडो शहरात वार्ताहर होत्याच. उतारवयात त्यांनी विमान चालवण्याचा परवाना मिळवला आणि पुरातत्त्वाच्या ओढीने मध्य अमेरिकेच्या वाऱ्या केल्या. १९९३ मध्ये आयोवा विद्यापीठाने नॅन्सीवर परिषद भरवली, २००१ मध्ये अमेरिकेतील रहस्यकथा लेखकांच्या संघटनेने त्यांना विशेष एडगर पुरस्कार दिला. २८ मे २००२ रोजी, ९६ व्या वर्षी, ‘टोलेडो ब्लेड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत काम करताना त्यांची प्रकृती बिघडली आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.