उठून गेलेले श्रोते

बी. बी. किंग म्हणजे ब्ल्यूज गिटारवादनातले मोठे नाव. १९५६ साली या गृहस्थांनी ३४२ कार्यक्रम केले. त्या वर्षाचे दिवस ३६६! पुढे १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गोऱ्या तरुणांनी, त्यांनी गिटार छेडण्याआधीच, उभे राहून टाळ्या वाजवल्या. किंग यांना रडू कोसळले.

आणि एप्रिल २०१४ मध्ये सेंट लुईसला? किंग तेव्हा ८८ वर्षांचे, मधुमेहाने थकलेले. वादन थोडे, गप्पाच फार. एकच साधे गाणे ते श्रोत्यांकडून कितीतरी वेळ म्हणवून घेत राहिले. लोक ओरडले, काहीजण चक्क उठून गेले. तिकिटाला पैसे मोजले होते, मान्य. पण मी पडलो बँकेतला माणूस. वर्षानुवर्षे नेमाने भरणा करणाऱ्या खातेदाराचा एखादा चेक शिल्लक कमी असताना आला, तर तो परत पाठवताना आमचाही हात अडखळे. किंग यांचा भरणा तर साठ वर्षांचा होता.

मे २०१५ मध्ये ते गेले. त्या रात्री जे खुर्चीत बसून राहिले, त्यांचा मला हेवा वाटतो. त्यांना त्यांच्याबरोबर गाता तरी आले.