आपल्या कमेंटचं काय?

२०१५ साली मी एक कमेंट लिहिली. चार शब्दांची. ‘हिचे अब्बा झोपलेत का?’

आमच्या गावातल्या एका मुलीने कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या नाटकाचे फोटो फेसबुकवर टाकले होते. एका फोटोत सोबत काम करणाऱ्या मुलाने तिचा हात धरला होता. मी पुण्यात नुकताच नोकरीला लागलो होतो. ऑफिसच्या बसमध्ये बसून ते चार शब्द टाइप केले आणि मोबाइल खिशात टाकला. संध्याकाळपर्यंत शंभरावर लाइक्स आले. खाली गावच्या पोरांनी जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. आठवड्याभरात कुणीतरी तो स्क्रीनशॉट तिच्या अब्बांना मशिदीबाहेर दाखवला. दुसऱ्या वर्षाला तिचं कॉलेज सुटलं.

मी शिवी दिली नव्हती. धमकी दिली नव्हती. मला तर वाटत होतं, मी नसीहत करतोय.

दोस्तांनो, ट्रोलिंग म्हटलं की आपल्याला ‘ते’ आठवतात. त्यात चूक काही नाही. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आलं. १ जानेवारी २०२२ ला, नव्या वर्षाच्या पहिल्याच सकाळी, ‘बुल्ली बाई’ आलं. शंभरावर मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. जेएनयूमधून २०१६ मध्ये बेपत्ता झालेल्या नजीब अहमदच्या वयस्कर आईलाही सोडलं नव्हतं. दोन्ही गोष्टी गिटहबवर ठेवल्या होत्या. म्हणजे माझ्यासारखे लाखो इंजिनिअर जिथे आपला कोड ठेवतात, तिथेच. मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत बंगळुरूचा २१ वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, बी.टेक. करणारा २० वर्षांचा मुलगा होता. शिकलेली, हुशार पोरं. तेव्हा मी चिडलो, पोस्ट लिहिल्या, तक्रारी शेअर केल्या. आपण सगळ्यांनीच केल्या.

आता मोहम्मद शमीकडे बघा. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा विकेट्सनी हरला. अकरा जण हरले, पण गद्दार ठरला एकटा शमी. विराट कोहली त्याच्या बाजूने उभा राहिला, तर कोहलीच्या दहा महिन्यांच्या मुलीवर बलात्काराची धमकी आली. त्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटक केली तोही सॉफ्टवेअर इंजिनिअरच.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, याच शमीने पत्नीसोबतचा फोटो टाकला होता. तिच्या ड्रेसला बाह्या नव्हत्या. तेव्हा त्याच्यावर तुटून पडलेले कोण होते? ‘बीवीला हिजाब घाल’, ‘तू मुसलमान आहेस का’ असं लिहिणारे कोण होते? मोहम्मद कैफने त्याची बाजू घेतली. आठवड्याभरातच कैफने सूर्यनमस्काराचे फोटो टाकले, तर मोर्चा त्याच्याकडे वळला. मार्च २०२५ मध्ये शमी भर मॅचमध्ये, रमजानमध्ये, एनर्जी ड्रिंक प्यायला. पुन्हा तेच. एका बाजूने तो देशाचा गुन्हेगार, दुसऱ्या बाजूने दीनचा. माणूस एकच, मोबाइल एकच.

मला माहीत आहे, काही जण आता म्हणतील, ‘दोन्ही सारखं कसं?’ सारखं नाहीच. एकीकडे एका अख्ख्या समाजाला जमिनीवर पाडायचा इरादा आहे, त्यामागे संख्या आहे, ताकद आहे. हे मी नाकारत नाही. पण त्या हिशोबाचा त्या मुलीला काय उपयोग? बाहेरच्यांनी लिलाव मांडला म्हणून आपल्याला घरातल्या मुलीची पंचाईत करायचा परवाना मिळत नाही. उलट, बाहेरून इतका मार पडत असताना तिला घरात तरी आसरा हवा होता.

दुसरे म्हणतील, ‘ही इस्लाह आहे, चांगलं सांगणं आपलं काम आहे.’ मग सूरह हुजुरात काढून बघा. टिंगल, वाईट नावं ठेवणं, दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकणं, पाठीमागे निंदा, या सगळ्यांना तिथे एकापाठोपाठ मनाई आहे. ज्याला खरंच सुधारायचं असतं तो बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगतो. पाचशे लोकांसमोर सांगितलेली नसीहत ही बेइज्जती असते. ती ऐकणाऱ्यासाठी नसतेच, बघणाऱ्यांसाठी असते.

आणि बघणारे आणून देणारं यंत्र कसं चालतं, ते मी धंद्याने जाणतो. फीडला चांगलं-वाईट कळत नाही. किती लोक थांबले, किती बोलले, एवढंच मोजलं जातं. २०१७ पासून फेसबुक रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन देत होतं. नुकसान त्यांना कळलं तेव्हा, २०२० मध्ये, रागाचं वजन शून्यावर आणलं. पण रागाने लिहिलेली कमेंट ही शेवटी कमेंटच. ती मोजली जातेच, पोस्ट आणखी पसरतेच. म्हणजे एखाद्या बहिणीचा फोटो तुम्हाला खरंच ‘गैर’ वाटत असेल, तरी त्याखाली लिहून तुम्ही तो हजार अनोळखी पुरुषांपर्यंत पोहोचवता. निदान हा हिशोब तरी करा.

‘मग कडक कायदा आणा’ असंही कुणी म्हणेल. ‘त्रासदायक’ मजकुरासाठी ६६-अ हे कलम होतंच. २०१२ मध्ये ते कुणाला लागलं? मुंबई बंदबद्दल साधी पोस्ट लिहिणाऱ्या आणि ती लाइक करणाऱ्या पालघरच्या दोन मुलींना. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ते रद्द केलं, हे बरंच झालं. पाठलाग, अश्लील मजकूर, धमकी यांसाठी आजही कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. पण ‘हिचे अब्बा झोपलेत का’ याला कुठलंच कलम लागत नाही. ते थांबवायचं काम आपलंच आहे.

काय करायचं, ते अवघड नाही. मोहल्ल्याच्या ग्रुपमध्ये कुणा मुलीचा फोटो फिरायला लागला, तर ‘हे काढ’ असं तिथेच, सगळ्यांसमोर लिहा. गप्प बसणारा अ‍ॅडमिनही त्यात सामील असतो. कुणाला धमक्या येत असतील, तर डिलीट करण्याआधी लिंक, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवायला सांगा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार भरायला मदत करा. पोलीस ठाण्यात जायचं असेल तर सोबत जा. आणि सगळ्यात आधी तिला एवढंच म्हणा, ‘चूक तुझी नाही.’

मी तिला दोन वर्षांपूर्वी माफीचा मेसेज केला. तिचं उत्तर आलं, ‘मला नको सांगूस, माझ्या अब्बांना सांग.’ गेल्या बकरी ईदला गेलो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘बेटा, तेव्हा तुझ्यासारखा शिकलेला पोरगा बोलला, म्हणून मला खरं वाटलं.’

आपण शिकलेले आहोत. आपलं खरं वाटतं लोकांना. म्हणून लिहिण्याआधी थांबा.