आरंभीची शिल्लक



सुप्यातून वयस्कर माणसाला बारामतीला ॲडमिट केलं की फाईल जाडजूड होते. रक्त, लघवी, ईसीजी, एक्स-रे. पण हे माणूस पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने आंघोळ करत होतं का, हे त्यात कुठेच नसतं. मी कॉमर्सची. आरंभीची शिल्लक न लिहिता मांडलेला हिशोब मला पटत नाही.

सासूबाई न्यूमोनियाने नऊ दिवस दवाखान्यात होत्या. त्याआधी ४८ मिनिटांचं सामायिक खाली आसनावर बसून करायच्या आणि आपल्या आपण उठायच्या. घरी आणल्या तेव्हा पलंगावरून उठवायला दोघं लागायचे. कागदावर मात्र 'प्रकृती स्थिर'!

याची मोजपट्टी जुनीच आहे. अमेरिकेतल्या डॉ. सिडनी काट्झ यांनी १९६३ मध्ये सहा गोष्टी मांडल्या: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. ना यंत्र, ना सुई. सिस्टरसुद्धा विचारू शकतात. ॲडमिट करताना एकदा, घरी सोडताना एकदा, एवढंच माझं मागणं आहे.

स्मरणशक्तीचं जरा अवघड. १९७५ ची तीस गुणांची प्रसिद्ध चाचणी शंभरातून सात-सात वजा करायला लावते, वाक्य लिहायला सांगते. शाळेचं तोंड न पाहिलेली आजी त्यात नापासच होणार. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी १९९० च्या दशकात तिचं हिंदी रूप केलं. वाक्य लिहिण्याऐवजी 'घराबद्दल काही सांगा'. आपल्या आजींनाही त्यांच्या बोलीतच विचारायला हवं, आणि उत्तर मुलाने किंवा सुनेने द्यायचं नाही!

"प्रतिक्रमण तोंडपाठ आहे, डोकं शाबूत आहे," असं आपण कौतुकाने सांगतो. पन्नास वर्षं म्हटलेलं टिकतं हो, सकाळी काय खाल्लं ते आधी जातं. उलट, दवाखान्यात रात्रीतून बडबड सुरू झाली की 'वय झालं' म्हणून सोडून देतात. असा अचानक आलेला गोंधळ पुष्कळदा इन्फेक्शनचा किंवा औषधाचा असतो आणि उपचाराने उतरतो. पण आधी कशा होत्या हे लिहिलेलंच नसेल, तर नवख्या डॉक्टरांना फरक कळणार कसा?

तोवर त्या सहा गोष्टी आपणच वहीत लिहून न्याव्यात आणि राउंडच्या वेळी पुढे कराव्यात. सोबत चष्मा, कवळी आणि कानाचं मशीनही न्या. ऐकूच आलं नाही तर उत्तर काय देणार बिचारी!