मोटार नको, मोटारीचं डोकं घडवा

दहा वर्षं खपून अॅपलनं फेब्रुवारी 2024 मध्ये इलेक्ट्रिक मोटारीचा नाद सोडला. पुढच्याच महिन्यात मोबाइल विकणाऱ्या चीनच्या शाओमीनं एसयू7 बाजारात आणली आणि वर्षअखेरपर्यंत लाखाहून अधिक गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. मग आपल्या तंत्रज्ञान कंपन्यांनीही मोटार काढावी का?

काढू नये.

पुण्याच्या केपीआयटीकडे बघा. 2010 मध्ये भारत फोर्जला सोबत घेऊन तिनं ‘रेवोलो’ पुढे आणलं. वापरातल्या गाडीला मोटर आणि बॅटरी जोडून तिला हायब्रिड करणारा हा संच. तो बाजारात रुळला नाही. पुढे कंपनीनं जगभरच्या वाहन उत्पादकांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यावर भर दिला आणि त्यातच तिचं नाव झालं.

हे काम दुय्यम मुळीच नाही. वऱ्हाडात तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात गाडी चार्जिंगला लावली, की सेलचं तापमान आणि व्होल्टेज सतत मोजणं, बॅटरी फार तापली तर चार्जिंगचा वेग उतरवणं, हे सगळं सॉफ्टवेअरच करतं. सांगाडा, सुटे भाग, दुरुस्ती यांत मात्र टाटा-महिंद्रांचा हात कित्येक दशकं बसलेला आहे. शाओमीच्या पाठीशी चीनमधले बॅटरी पुरवठादार आहेत. आपल्याकडे सेल अजून बहुतांशी आयातच होतात.

पुण्याच्या अभियंत्यांनी वऱ्हाडच्या उन्हात चाचण्या घ्याव्यात आणि वाहन कंपन्यांनी तेल्हारा-अकोटला दुरुस्ती केंद्रं काढावीत. हिवरखेडच्या गिऱ्हाइकाला त्याचीच गरज आहे.