मैदानावरची पहिली काही मिनिटे

दिवाळी झाली की गावोगावी टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांचे आणि कबड्डीच्या सामन्यांचे फलक लागतात. त्याच सुमारास मोबाइलवर एक ठरावीक प्रकारची चित्रफीत फिरू लागते. खेळता खेळता एक तरुण कोसळतो. भोवती गर्दी जमते, कुणी तळपाय चोळतो, कुणी तोंडावर पाणी मारतो, कुणी कांदा हुंगवतो. खाली लोक लिहितात, ‘आयुष्याचा काही भरवसा नाही’. सरकारी रुग्णालयात अनेक वर्षे काढलेल्या मला मात्र त्यात नशिबापेक्षा वाया जाणारी मिनिटे दिसतात.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी विशीतल्या कबड्डीपटूला मित्रांनी टेम्पोतून आमच्याकडे आणले. मैदान फार लांब नव्हते, पण फाटकाला कुलूप होते आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. वाटेत एकानेही त्याची छाती दाबली नव्हती. आम्ही प्रयत्न केले, पण वेळ निघून गेली होती. बाहेर एका मित्राने विचारले, ‘सर, आम्ही काय करायला हवं होतं?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकाकडे सामन्याआधीच तयार असायला हवे.

आधी एक गोंधळ दूर करू. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाचा रक्तपुरवठा अडणे. त्यात रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखते म्हणून सांगतो. हृदयक्रिया अचानक बंद पडते तेव्हा हृदयाची विद्युतलय बिघडते, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पस्तिशीनंतर यामागे बहुधा रक्तवाहिन्यांतील अडथळे असतात. तरुणांमध्ये हृदयाच्या स्नायूंचा किंवा लयीचा जन्मजात अथवा आनुवंशिक दोष असू शकतो. क्वचित छातीवर नेमक्या क्षणी बसलेला चेंडूचा फटकाही पुरतो. अशा वेळी छाती दाबली नाही आणि विजेचा झटका दिला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे रुग्णवाहिका दहा मिनिटांत आली तरी तोवर बरेच काही हातचे गेलेले असते.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेत डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन पूर्वार्धात कोसळला. पंचांनी लगेच वैद्यकीय पथकाला आत बोलावले. छाती दाबणे सुरू झाले, डिफिब्रिलेटरचा झटका दिला गेला आणि मैदानाबाहेर नेताना तो शुद्धीवर होता. इंग्लंडमध्ये खेळत असताना झालेल्या त्याच्या हृदय तपासण्यांत दोष आढळला नव्हता. तपासण्या कराव्यातच, पण सगळा भरवसा त्यांच्यावर ठेवून चालत नाही. पुढे छातीत यंत्र बसवून तो पुन्हा खेळू लागला आणि युरो २०२४ मध्ये त्याने गोलही केला.

आपल्याकडची आठवण वेगळी आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरुत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर संघाचा दुसरा गोल करताना गोलरक्षकावर आदळला आणि कोसळला. तो वाचला नाही. मैदानावरील प्रथमोपचारांवर तेव्हा बरीच टीका झाली. दोन रुग्णांची अशी सरळ तुलना करता येत नाही, हे डॉक्टर म्हणून मी मान्य करतो. पण दोन मैदानांच्या तयारीची तुलना करता येते.

ही तयारी म्हणजे फक्त यंत्र नव्हे. अमेरिकेच्या एनएफएल स्पर्धेत प्रत्येक सामन्याच्या तासभर आधी दोन्ही संघांचे डॉक्टर आणि सामनाधिकारी एकत्र येऊन आणीबाणीची योजना पडताळतात. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत डमार हॅमलिनचे हृदय बंद पडले, तेव्हा हीच शिस्त कामी आली. तो त्याच वर्षी पुढच्या हंगामात खेळला.

आपल्या मैदानासाठी अशी योजना एका कागदावर मावते. कोसळलेला खेळाडू हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर हृदय बंद पडले असे समजावे. सुरुवातीला फिट आल्यासारखे झटके किंवा आचके येतात. त्याने फसू नये. एकाने लगेच छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायला सुरुवात करावी. दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. तिसऱ्याने एईडी, म्हणजे आपोआप सूचना देणारा डिफिब्रिलेटर आणावा. चौथ्याने फाटक उघडून रुग्णवाहिकेची वाट मोकळी करावी. या चौघांची नावे सामन्याआधी ठरलेली असावीत, एईडी कुलपात नसावा, आणि हंगामाच्या सुरुवातीला एकदा सराव व्हावा.

खर्चाचे कारण पुढे येईल. एईडी आज साधारण एक-दीड लाख रुपयांपर्यंत मिळतो. अनेक स्पर्धांचे पहिले बक्षीसच तेवढे असते. तालुक्यातल्या दोन-चार मंडळांनी मिळून एक घेतला तरी चालेल. एईडी नसला तरी छाती दाबायला दोन हात पुरतात, आणि ते शिकायला एखादा तास लागतो.

स्पर्धेला लाउडस्पीकर लावायचा तर पोलिसांची परवानगी लागते. खेळाडू कोसळला तर काय करणार, हे मात्र माझ्या पाहण्यात कुणी विचारत नाही. मैदान देणाऱ्या पालिका, ग्रामपंचायती, शाळा आणि क्रीडा संघटनांनी हा एक कागद परवानगीच्या अर्जासोबत मागावा. त्याला नवा कायदा लागत नाही. आणि प्रेक्षक म्हणून आपणही येत्या रविवारी आयोजकांना विचारावे: फाटकाची किल्ली कुणाकडे आहे?