बरं वाटतंय म्हणून गोळी बंद

‘काल तर बाजारात भेटला होता, आज अचानक गेला.’ हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने कुणी गेले की भाईंदरच्या पश्चिमेला असलेल्या तारोडीत काय किंवा मुंबईत काय, हेच ऐकू येते. यातला ‘अचानक’ बहुतेक वेळा खरा नसतो. रक्तदाब अनेक वर्षे वाढलेला असतो. तो कुणी मोजलेला नसतो, किंवा मोजून गोळी सुरू होते आणि दोन महिन्यांत ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद पडते.

वाढलेला रक्तदाब सहसा जाणवत नाही. डोके दुखले तरच बीपी वाढले, हा समज म्हणूनच घातक आहे. सततच्या दाबाने रक्तवाहिन्या कडक होतात, त्यांच्या आत चरबीचे थर साचतात, हृदयाची भिंत जाड होते आणि मेंदूतली एखादी बारीक वाहिनी बुजते नाहीतर फुटते. सुमारे 10 लाख प्रौढांच्या नोंदी एकत्र करून 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचा रक्तदाब 115 च्या पुढे दर 20 ने जास्त असला, की पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचा धोका दुपटीहून अधिक आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचा धोका दुप्पट होतो, असे त्यातून दिसले. सोबत मधुमेह आणि तंबाखू असेल तर धोका आणखी चढतो. मशेरी हाही तंबाखूच, पण ती लावणाऱ्या कितीतरी बायका ‘मी कुठे तंबाखू खाते?’ असे विचारतात.

या पट्ट्यात मिठाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. उत्तन परिसरात वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलाला सहसा मीठ लावत नाहीत, त्यामुळे सगळ्या सुक्या मासळीला दोष देणे चुकीचे. खारवलेले मासे, लोणचे, पापड यांतले मीठ मात्र नकळत पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळे मिळून जेमतेम एक छोटा चमचा. चीनमधल्या खेड्यांत नेहमीच्या मिठातला काही भाग पोटॅशियमच्या क्षाराने बदलून पाहिला, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तरीही पथ्याने सगळ्यांचे भागत नाही, गोळी लागतेच. वरचा रक्तदाब 10 ने उतरला तर पक्षाघाताचा धोका साधारण चौथाईने कमी होतो. औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. अडते ते सातत्यावर. त्याचा सगळा दोष रुग्णावर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. पहाटे मासळी घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईला सकाळची ओपीडी कशी जमणार? दर पंधरा दिवसांनी एका चिठ्ठीसाठी दिवसाची कमाई बुडत असेल, तर तिसऱ्या खेपेला ती येणार नाही.

देशाच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. ठरलेली मोजकी औषधे, घराजवळच्या केंद्रावर किमान महिन्याभराच्या गोळ्या, आणि रुग्ण आला नाही तर त्याला फोन, अशी त्याची साधी रचना. तारोडीसारख्या महापालिका हद्दीतल्या गावाला याहून कमी का मिळावे? आठवड्यातून एक संध्याकाळ आणि एक रविवार, चर्चच्या किंवा शाळेच्या आवारात बीपीचे यंत्र आणि गोळ्या घेऊन परिचारिका बसली, तरी पुष्कळ काम होईल.